लाइन गेली, पण अलर्ट आलाच नाही? या चुका टाळा

नागपुरात नेटवर्क बंद पडायला कारण शोधत बसावं लागत नाही. कुठे ना कुठे सिमेंट रस्त्याचं खोदकाम सुरू असतं आणि जेसीबीच्या तडाख्यात फायबर सापडतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की एसी नसलेल्या खोलीतले नेटवर्क स्विच माना टाकतात. जूनच्या पहिल्या वादळात खांबावरच्या केबलवर फांदी पडते. लाइन जाणार हे धरूनच चालायचं. ती गेल्याचं तुम्हाला आधी कळतं, की हिंगणा एमआयडीसीतून शिफ्ट इंचार्जचा "भाऊ, नेट बंद आहे का जी?" असा फोन आल्यावर, एवढंच आपल्या हातात असतं.

अलर्ट त्याच लाइनवरून पाठवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. झॅबिक्स, नागिओस किंवा अपटाइम कुमा असं लाइनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर ऑफिसातल्याच एका मशीनवर चालतं आणि मेल, टेलिग्रामचे मेसेज ऑफिसच्याच ब्रॉडबँडवरून जातात. लाइन तुटली की अलर्ट आतच अडकतो. कधी कधी लाइन परत आल्यावर डझनभर मेसेज एकदम येऊन पडतात, तोवर सगळं आटोपलेलं असतं.

पहारेकरी बाहेर हवा. बाहेरच्या एखाद्या स्वस्त क्लाउड मशीनवरून तुमच्या पब्लिक आयपीवर, म्हणजे इंटरनेटवर बाहेरून दिसणाऱ्या पत्त्यावर, नजर ठेवता येते. पण बऱ्याच साध्या ब्रॉडबँड कनेक्शनवर स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतच नाही, प्रोव्हायडर सीजीनॅट वापरतो, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतो. तिथे उलटा मार्ग धरा: आतल्या मशीनने दर मिनिटाला बाहेरच्या सर्व्हिसला 'मी आहे' अशी हाक द्यायची. सलग तीन-चार हाका चुकल्या की ती सर्व्हिस अलर्ट पाठवते. अपटाइम कुमात याला पुश मॉनिटर म्हणतात. प्रोमिथियस हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे सतत वाजत राहणारा वॉचडॉग अलर्ट ठेवतात, आणि तो बाहेर पोचायचा थांबला की धोका समजतात. याचा आणखी एक फायदा असा की मॉनिटरिंगचं मशीनच मेलं, तरी कळतं.

अलर्ट मोबाइल नेटवर्कवरून जावा म्हणून काही जण सिम घातलेला जीएसएम मोडेम लावतात. चांगला उपाय आहे, फक्त त्या सिमचा रिचार्ज कोण करतो ते विचारा. उत्तर देताना दोघं एकमेकांकडे पाहू लागले, तर तो मोडेम नाहीच असं समजा.

एसएमएस गेटवे वापरत असाल तर डीएलटी, म्हणजे अशा एसएमएसची नोंदणी व्यवस्था, विसरू नका. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) दोन्ही नोंदवलेले असावे लागतात. कोणी हौसेने अलर्टचा मजकूर बदलला आणि तो टेम्प्लेटशी जुळला नाही, की मेसेज मध्येच गळतो. तुमच्या लॉगमध्ये मात्र 'पाठवला' असंच दिसू शकतं.

दोन लाइन, एकच खांब

दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शन घेतली म्हणजे निश्चिंत, असं नसतं. दोन्ही केबल एकाच खांबावरून किंवा एकाच चारीतून येत असतील तर एकाच घावात दोन्ही जातात. एकदा गच्चीवर जाऊन बघून या.

त्याहून घातक म्हणजे गुपचूप होणारा फेलओव्हर. मेन लाइन जाते, राउटर बॅकअपवर उडी मारतो, कोणाला काही जाणवत नाही. आठवड्यांनी बॅकअपही जाते आणि मग कळतं की मेन कधीचीच बंद होती. म्हणून प्रत्येक लाइनचा चेक वेगळा ठेवा आणि तो त्याच लाइनवरून जाईल असा रूट बांधा, नाहीतर मेनचा पिंग (उत्तर येतं का ते बघायला पाठवलेली छोटी हाक) बॅकअपवरून जाऊन 'सगळं ठीक' सांगेल. नुसत्या प्रोव्हायडरच्या गेटवेला, म्हणजे त्याच्याकडच्या पहिल्या टप्प्याला, पिंग करूनही भागत नाही, कारण पुढचं फायबर तुटलं तरी गेटवे उत्तर देत राहतो. मेन लाइनसाठी ८.८.८.८ आणि बॅकअपसाठी १.१.१.१ असे वेगळे, दूरचे पत्ते ठरवले की रूट बांधणंही सोपं जातं.

इतके अलर्ट की कोणी वाचेना

एक पिंग चुकला की मेसेज, अशी सेटिंग असेल तर पंधरा दिवसांत ग्रुप म्यूट झालाच समजा. सलग तीन चेक फसल्यावरच अलर्ट जाऊ द्या. नागिओसमध्ये मॅक्स चेक अटेम्प्ट्स त्यासाठीच आहे. कोअर स्विच, म्हणजे मुख्य स्विच, गेला तर त्यामागच्या चाळीस कॅमेऱ्यांचे चाळीस मेसेज नकोत, एकच पुरे. त्यासाठी डिपेंडन्सी, म्हणजे कोणतं यंत्र कोणावर अवलंबून आहे ते, लावावी लागते. काम कंटाळवाणं आहे, पण करा.

मजकुराचंही तसंच. 'होस्ट १९२.१६८.१०.१४ डाऊन' हे रात्री दोन वाजता वाचून कोणाला काय कळणार? त्याऐवजी असं: 'हिंगणा प्लांट. मेन लाइन ०२:१४ पासून बंद. बॅकअप सुरू. सर्किट आयडी अमुक, तक्रारीचा नंबर तमुक.' डोळे चोळत उठलेला माणूस थेट फोन लावू शकतो.

आणि तो माणूस ठरलेला हवा. ग्रुपमध्ये टाकलेला अलर्ट प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटतो. आज रात्री पाळी कोणाची, त्याने पाच मिनिटांत उत्तर दिलं नाही तर कॉल कोणाला, हे सिस्टीममध्येच लिहा. रात्रीसाठी मेसेजपेक्षा कॉल बरा, आणि तो नंबर डू नॉट डिस्टर्बमधून वगळा. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही अँड्रॉइड फोन अ‍ॅप झोपवून टाकतात, तीही सेटिंग तपासा.

वीज गेल्यावर राउटर यूपीएसवर आणि फायबरचा ओएनटी (फायबर येऊन जोडली जाते तो डबा) साध्या प्लगवर, हा प्रकारही सर्रास दिसतो.

केबल काढून बघा

सॉफ्टवेअरमधलं टेस्टचं बटण दाबणं म्हणजे चाचणी नव्हे. शिफ्टला सांगून, दिवसाढवळ्या, महिन्यातून एकदा मेन लाइनची केबल खरोखर काढा आणि घड्याळ लावा. मग दोन्ही काढा. मग मॉनिटरिंगचं मशीन बंद करा. प्रत्येक वेळी फोन कोणाचा वाजला, किती वेळाने वाजला, ते लिहून ठेवा. केबल परत लावल्यावर 'लाइन सुरू झाली' हा मेसेज येतो का, तेही पाहा. तो येत नसेल, तर सकाळच्या पाळीचा माणूस चालू लाइनसाठी प्रोव्हायडरशी भांडत बसेल.