एका पानावर पाच चित्रपट: साप्ताहिक परीक्षणं कशी लिहावीत

वृत्तपत्राच्या पुरवणीत नव्या चित्रपटांना मिळून एक पान मिळतं. जागा साधारण ८५० शब्दांची आणि चित्रपट चार-पाच. सगळ्यांना सारखी जागा दिली तर कुणालाच न्याय मिळत नाही. मुख्य परीक्षणाला ३५०, दोन मधल्यांना प्रत्येकी १६० आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी ९० शब्द ही वाटणी चांगली चालते. कोणता चित्रपट कुठे जाईल हे मात्र सगळे पाहून झाल्यावरच ठरवा. मुख्य जागा मोठ्या जाहिरातीच्या चित्रपटाची नसते, ज्याबद्दल सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे त्याची असते. हिमतीनं काही करायला जाऊन फसलेल्या चित्रपटाला ३५० शब्द लागतात. नीटनेटका, नेहमीच्या वळणाचा चित्रपट ९० शब्दांत आरामात मावतो.

वाचक तुमच्या शब्दावर पैसे आणि दोन-अडीच तास खर्च करणार असतो. त्यामुळे पानावरच्या प्रत्येक निकालामागे पडद्यावर दिसलेली किंवा कानावर पडलेली एखादी ठोस गोष्ट हवी. ती सापडत नसेल तर तो निकाल लिहू नका.

पाहताना आणि टिपताना

दिवसाला दोनच चित्रपट पाहा आणि मध्ये किमान तासभर ठेवा. त्या तासात पहिल्या चित्रपटाबद्दल शंभरेक शब्द लिहून टाका. हे टाळलं की दुसरा चित्रपट पहिल्याच्या मापानं मोजला जातो: रटाळ चित्रपटानंतर पाहिलेला बेताचा चित्रपटही ताजातवाना वाटतो आणि त्याच्या पदरात अर्धा तारा उगाच पडतो.

टिपणांसाठी हातात मावेल अशी वही आणि पेन्सिल घ्या. फोनवर टिपू नका. त्याचा उजेड शेजाऱ्यांना त्रास देतो, शिवाय बऱ्याच प्रेस शोमध्ये, म्हणजे समीक्षकांसाठीच्या खास खेळात, फोन बाहेरच ठेवून घेतात. अंधारात ओळी एकमेकींवर चढतात, म्हणून डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवा, ओळ संपली की दोन बोटं खाली सरकवा. अक्षर मोठं काढा, एका पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नकोत.

टिपायचं काय, हा खरा प्रश्न आहे. ‘छान’, ‘कंटाळवाणं’ असं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी काहीच आठवून देत नाही. संवाद शब्दशः लिहा. कॅमेरा कुणावर थांबला, खोलीत कोण कुठे उभं होतं, संगीत कुठे बंद झालं हे लिहा. लक्ष उडालं त्या जागी नुसती फुली मारा आणि प्रसंगाचं नाव टाका. त्या फुल्या नंतर सलग लावून पाहिल्या की चित्रपट नेमका कुठून घसरला ते कळतं. चित्रपटगृहाबाहेर पडल्यावर पंधरा मिनिटांच्या आत तीन ओळी लिहा: याला काय करायचं होतं, ते कितपत साधलं, आणि पुरावा म्हणून कोणता प्रसंग दाखवता येईल.

दोष नेमका कुणाच्या नावावर

परीक्षणांत सर्वांत जास्त अन्याय इथे होतो. चित्रपट लांबला की ‘संकलनाला कात्री हवी होती’ असं लिहिण्याची पद्धत पडली आहे. पण एकच माहिती तीन प्रसंगांत सांगितली असेल तर तो पटकथेचा दोष आहे. प्रसंग गरजेचा आहे पण संपल्यावरही रेंगाळतो, तेव्हा संकलनाकडे बोट दाखवा. सुंदर डोंगर दिसले म्हणजे छायाचित्रण उत्तम असंही नाही. साध्या खोलीतल्या दोन माणसांमधलं अंतर प्रकाशानं दाखवता आलं का, ते पाहा. डब केलेल्या आवृत्तीत आवाज दुसऱ्याचा असतो, तेव्हा अभिनयाबद्दल लिहिताना चेहरा आणि देहबोलीवरच बोला.

चित्र काळवंडलेलं दिसलं तर छायाचित्रकाराला दोष देण्याआधी पडद्याची शंका घ्या. डिजिटल प्रक्षेपणात साध्या, म्हणजे थ्रीडी नसलेल्या, चित्रपटासाठी पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे प्रमाण मानतात. दिवा जुना झाला, किंवा थ्रीडीचं भिंग प्रोजेक्टरवर तसंच राहिलं, तर हा उजेड बराच खाली येतो. आधीच्या जाहिराती आणि ट्रेलरही तसेच अंधुक किंवा अस्पष्ट आवाजाचे होते का, एवढं आठवलं तरी निम्मा उलगडा होतो.

नव्वद शब्दांचं परीक्षण

छोटी टिपणं सोपी वाटतात, पण पानावरचं सर्वांत अवघड काम तेच. नेहमी छापून येणारा नमुना असा: ‘कथा चांगली आहे, पण उत्तरार्ध रेंगाळतो. कलाकारांचा अभिनय दमदार. छायाचित्रण नेत्रसुखद. एकदा बघायला हरकत नाही.’ हे कुठल्याही चित्रपटाला लागू पडतं, म्हणजे याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता एका काल्पनिक चित्रपटावर हे पाहा: ‘वडिलांचं घर विकायला आलेल्या दोन बहिणी आणि सामान बांधायला एकच रात्र. भांड्यांची वाटणी करताना दोघी एकाच पातेल्यावर हात ठेवतात आणि कुणीच सोडत नाही, तिथे एका शब्दाविना सगळं भांडण कळतं. पहाटे शेजारी येतो आणि तेच भांडण संवादांत समजावून सांगतो. तिथून चित्रपटाचा स्वतःवरचा विश्वास उडतो. धाकटी मात्र शेवटपर्यंत खरी वाटते.’ पन्नासेक शब्दांत कथाबीज, एक प्रसंग, एक दोष कारणासकट आणि अभिनय, एवढं आलं. उरलेल्या चाळीस शब्दांत तो कुणाला आवडेल ते लिहा.

कथा पहिल्या तृतीयांशापलीकडे सांगू नका. ‘शेवटचा धक्का जबरदस्त’ असंही नको. धक्का आहे हे कळलं की वाचक पहिल्या मिनिटापासून तोच शोधत बसतो.

तारे सर्वांत शेवटी

चित्रपटांना तारे देण्याची प्रथा १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी सुरू केली, तेव्हा मोजपट्टी तीन ताऱ्यांची होती. आज पाचांची रूढ आहे. प्रत्येक ताऱ्याचा अर्थ आधी लिहून ठेवा: १ म्हणजे वाचवण्यासारखं काही नाही, २ म्हणजे काही प्रसंग चांगले पण एकूण फसलेला, ३ म्हणजे ठरवलेलं बहुतांशी साधलं, ४ म्हणजे मुद्दाम वेळ काढून पाहावा, ५ क्वचित. विनोदी चित्रपट विनोदी चित्रपटांशीच ताडून पाहा.

मजकूर पूर्ण झाल्यावर तारे द्या आणि सहकाऱ्याला तारे झाकून वाचायला द्या. त्याचा अंदाज तुमच्यापेक्षा एका ताऱ्यानं चुकला तर बहुधा मजकूर भित्रा आहे. अडीच तारे खूप विचार करून द्या. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर प्रत्येक परीक्षण अनुकूल किंवा प्रतिकूल अशा दोनच कप्प्यांत जातं, आणि ६० टक्के अनुकूल झाली की चित्रपट ‘फ्रेश’ ठरतो. मेटाक्रिटिक हे तसलंच संकेतस्थळ परीक्षणांचं शंभरपैकी गुणांत रूपांतर करून भारित सरासरी काढतं, म्हणजे काही परीक्षणांना जास्त वजन देतं. तारे नसतील तर गुण तिथलेच लोक ठरवतात. तुमचा काठावरचा निर्णय दुसऱ्यानं घ्यावा असं वाटत नसेल तर मजकुरातच बाजू स्पष्ट करा.

पान देण्याआधी

जागा कमी पडली की उपसंपादक शेवटून कापतो, म्हणून निकाल शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवू नका. ‘अप्रतिम फसलेला’ असली शब्दरचना टाळा. पोस्टरवर त्यातला पहिलाच शब्द झळकतो. नावं श्रेयनामावलीवरून तपासा, परदेशी नावांचा उच्चार एकदा ठरवला की पानभर तोच ठेवा. एम्बार्गोची, म्हणजे ज्याआधी परीक्षण प्रसिद्ध करायचं नाही ती, तारीख आणि वेळ पानाच्या माथ्यावर लिहा. समाजमाध्यमांवरची एक ओळही बहुतेकदा त्यात मोडते. ओळखीच्या माणसाचा चित्रपट असेल तर तो सहकाऱ्याकडे सोपवा. प्रेस शो न झालेला चित्रपट पहिल्या खेळाला तिकीट काढून पाहा, आणि त्याचं परीक्षण पुढच्या अंकात गेलं तरी चालेल. न पाहता, ट्रेलरवरून लिहिलेल्या चार ओळी पानावर जाता कामा नयेत.