कोरड्या पडलेल्या ऑइल-फिनिश बास गिटारची डागडुजी

वॉर्विक थम्बसारख्या जर्मन बासच्या बुबिंगा लाकडावर लॅकर (कडक, चकचकीत थर) नसतो, फक्त तेल-मेण असतं. ते सुकलं की लाकूड राखट दिसू लागतं. तारा काढा, पिकअपवर (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्ट्यांवर) मास्किंग टेप लावा. हे टाळलंत तर पुढे घासायला लागणाऱ्या स्टील वूलचा (बारीक पोलादी तारांच्या गोळ्याचा) चुरा चुंबकांना चिकटतो आणि मग निघता निघत नाही. व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावकाने) ओलसर केलेल्या फडक्याने जुनं मेण आणि घामाचा मळ पुसा.

पोचा असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगतात. तंतू तुटले असतील तर मात्र खड्डा राहणारच. पूर्ण सुकल्यावर ०००० नंबरचं स्टील वूल लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा.

आता डबल बॉइल्ड (लवकर वाळणारं) जवसाचं तेल, अगदी पातळ थरात. १५-२० मिनिटांनी उरलेलं सगळं पुसा, नाहीतर चिकट थर बसतो. २४ तासांनी दुसरा हात. (खोबरेल नको, ते वाळतच नाही.) तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात, पाण्यात बुडवा. आठवड्याने मधमाश्यांचं मेण चोळा. पुढे वर्षातून दोनदा मेण पुरे.