व्हीलचेअर, काठी किंवा दुखरे गुडघे घेऊन मोठं आर्ट म्युझियम कसं बघायचं

मोठ्या म्युझियमला जायचं ठरलं की लोक आधी कुठली चित्रं बघायची याची यादी करतात. आपण उलटं करायचं. आधी लिफ्ट, टॉयलेट आणि बसायच्या जागा नकाशावर शोधायच्या आणि मग त्या वाटेवर जे येतं त्यातून यादी बनवायची. पॅरिसच्या लूव्रमध्ये सुमारे 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत, सगळं बघणं धडधाकट माणसालाही जमत नाही, मग आपण कशाला जीव काढायचा?

1. घरबसल्या करायचं काम
म्युझियमच्या साइटवर अ‍ॅक्सेसिबिलिटीचं पान असतं, ते नीट वाचा. सगळ्यात आधी दरवाजा बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा (मेटचा) फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा मोठा जिना फोटोत छान दिसतो, पण पायऱ्या नसलेला दरवाजा 81व्या स्ट्रीटच्या बाजूला आहे, टॅक्सीवाल्याला नुसतं म्युझियम म्हणालात तर तो जिन्यासमोर उतरवून मोकळा होणार. मग सवलत बघा. लूव्रमध्ये दिव्यांग व्यक्ती आणि सोबतचा एक माणूस दोघांनाही तिकीट फ्री आहे, फक्त अपंगत्वाचा कागद लागतो, तो इंग्रजीत असलेला बरा. (आणि लूव्र मंगळवारी बंद असतं, हे विसरून तिकडे पोचणारे भरपूर.)

शंका असेल तर ईमेल करा, पण नुसतं "मी व्हीलचेअरवर आहे" लिहून काही कळत नाही. खुर्चीची रुंदी, वजन, बॅटरीवर चालते का, दोन पायऱ्या चढता येतात का, किती वेळ उभं राहता येतं, असं सगळं लिहा. जुन्या राजवाड्यात म्युझियम असेल तर काही लिफ्ट स्टाफच चालवतात, तेही आत्ताच विचारून ठेवा.

2. खुर्ची मागायला लाजू नका
चालता येत असेल तरी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. म्युझियममध्ये चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त थकवतं, प्रत्येक चित्रासमोर दोन मिनिटं थांबायचं म्हणजे कंबर गेलीच. बऱ्याच मोठ्या म्युझियममध्ये व्हीलचेअर फुकट मिळते, काही ठिकाणी काठी आणि घडीचं स्टूलही. पण ही खुर्ची साधी आणि जड असते, ढकलायला कोणीतरी हवं आणि पातळ उशी आपलीच न्यायची. काउंटरवरून हलायच्या आधी दोन्ही ब्रेक लावून बघा, फूटरेस्ट जागेवर राहतंय का बघा, नाहीतर दुसरी मागा.

3. सिक्युरिटी
रांगेच्या शेवटी उभे राहू नका, सरळ स्टाफकडे जा. दिव्यांगांना पुढे घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते, पण कोणी हाक मारून बोलवत नाही. अपंगत्व दिसण्यातलं नसेल तर सूर्यफुलांची हिरवी पट्टी (न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण) गळ्यात घालणं बऱ्याच देशांत चालतं. औषधांच्या पिशवीवर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

4. आत गेल्यावर
पहिला प्रश्न: आज कुठली लिफ्ट बंद आहे? हे साइटवर नसतंच बहुतेक वेळा. मग सगळ्यात लांबच्या दालनात आधी जा आणि परत येत येत बाकीचं बघा, म्हणजे थकवा येईल तेव्हा दरवाजा जवळ असतो.

खुर्चीवरून बघताना काचेतल्या चित्रावर वरच्या दिव्याचा पांढरा डाग बरोबर चेहऱ्यावर येतो, समोरून न बघता थोडं तिरकं सरका, दोन हात मागे जा, डाग जातो. गर्दीच्या चित्रापुढे, म्हणजे मोनालिसा वगैरे, दोरीजवळच्या गार्डला विचारा, पुष्कळदा पुढे सोडतात. न विचारता मात्र लोकांच्या पाठीच दिसणार.

दिसत नसेल किंवा कमी दिसत असेल तर स्पर्श टूर आहे का बघा. माद्रिदच्या प्रादो म्युझियमने 2015 मध्ये काही चित्रांच्या उठावदार प्रती हात लावून बघायला ठेवल्या होत्या. मेटमध्येही अशा टूर होतात. ऐकू कमी येत असेल तर ऑडिओ गाइडसोबत गळ्यातला लूप (आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी तार) मिळतो का विचारा. साइन लँग्वेजची टूर मात्र आधी बुक करावी लागते.

5. निघताना
बंद व्हायच्या आधीच दालनं रिकामी करायला सुरुवात होते आणि सगळी गर्दी त्याच एका लिफ्टपाशी येते, म्हणून अर्धा तास आधी निघा. टॅक्सी त्याच बिनपायऱ्यांच्या दरवाजावर बोलवा. खुर्ची घेताना ओळखपत्र ठेवून घेतलं असेल तर ते आठवणीने परत घ्या, पासपोर्ट असेल तर जास्तच आठवणीने.