बॉनेटचा उडालेला रंग परत आला

ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून हात फिरवला की तळव्याला लाल भुकटी लागायची. मला वाटलं, आता रंगच मारावा लागणार. खरं कारण मीच होतो: कपड्यांच्या पावडरीने, तेही भर उन्हात धुणं. पावडर मेणाचा थर काढून टाकते, मग ऊन थेट रंगाला खातं.

यंदा इंजिन गार होऊ दिलं, सावलीत चिखल आधी नुसत्या पाण्याने भिजवला. कोरडा चिखल घासला की ओरखडे ठरलेलेच. मग गाडीचा शाम्पू, आणि वाळल्यावर रबिंग कंपाउंड (रंगाचा खराब झालेला वरचा थर घासून काढणारी पेस्ट) हलक्या हाताने. कडांवर जोर दिला नाही, तिथे रंग पातळ असतो. फडकं लाल झालं, खालून चकाकी निघाली! त्यावर मेणाचा पातळ थर. जाड दिला तर पुसताना घाम निघतो.

टायरला मी डिझेल चोळायचो. काळेभोर दिसायचे, पण डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं. आता साबण, ब्रश आणि पाण्यावर आधारित ड्रेसिंग (टायरला चकाकी देणारं द्रव), टायरच्या फक्त बाजूंना. पायदानावर चुकूनही नको, पाय सटकतो.

प्रेशरचा फवारा रेडिएटरच्या जाळीपासून लांबच ठेवला. धुतल्यावर ग्रीसिंग केलं, कारण सांध्यांत पाणी शिरतंच.