लॉकमधून उतरताना मागचा उंबरठा सांभाळा

निवृत्तीनंतर इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे लांबट, अरुंद बोटीत, राहायला येणाऱ्या जोडप्यांना आम्ही दोघं आधी हेच सांगतो. लॉक म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकाला दरवाजे असलेला हौद; त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. त्यातून खाली उतरताना लक्ष पुढे नको, मागे हवं.

वरच्या दरवाजाखाली दगडाचा किंवा काँक्रीटचा उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरू लागलं की काळाकुळकुळीत, शेवाळलेला वर येतो. बोटीची मागची बाजू त्यावर अडकली तर पुढची बाजू पाण्याबरोबर खाली जात राहते आणि बघता बघता बोटीत पाणी शिरतं. काठावर पांढरी रेघ मारलेली असते. सुकाणू आणि पंखा धरून बोटीचं अख्खं मागचं टोक त्या रेघेच्या पुढे हवं. साठ-सत्तर फुटी बोट असेल तर जागा फारच थोडी उरते.

आमच्याकडे ही सुकाणूवर, मी पाणी सोडणाऱ्या झडपांपाशी, त्या फिरवायची किल्ली घेऊन. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून खुणा ठरवल्यात: हात वर म्हणजे उघड, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे म्हणजे ताबडतोब बंद. तिने हात वर केल्याशिवाय मी झडपेला हात लावत नाही, आणि बोट उतरेपर्यंत झडप सोडून कुठे जात नाही. गप्पा मारायला येणारे बरेच भेटतात, त्यांना थांबवायचं.

तरीही अडकलीच, तर आधी खालच्या झडपा बंद करा. मग वरच्या हळूहळू उघडून लॉक पुन्हा भरा, बोट आपोआप उचलली जाते.