नागपूरच्या उन्हाळ्यात मुलांना बाहेर नेताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी असते. म्हणून मुलांना दोन महिने कूलरसमोर कोंडून ठेवायचं का? मुळीच नाही. अंबाझरी, फुटाळा, महाराजबाग, सेमिनरी हिल्स हे सगळं उन्हाळ्यातही करता येतं. गडबड होते ती वेळेच्या आणि पाण्याच्या हिशेबात.

संध्याकाळी पाचला निघणं

ऊन तिरपं झालं की आपल्याला वाटतं, आता हरकत नाही. पण इथे मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि दिवसभर तापलेलं डांबर, पेव्हर ब्लॉक, सिमेंटची भिंत त्यानंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहतात. लहान मुलाचं तोंड जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतं, त्यामुळे ती धग आपल्यापेक्षा त्याला जास्त लागते. सकाळच खरी. सहाला बागेत पोहोचा, साडेआठला घरी या. संध्याकाळीच जायचं असेल तर सूर्य मावळल्यावर, आणि फरशीपेक्षा पाणी मारलेल्या हिरवळीवर.

घसरगुंडीवर बसवण्याआधी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. हात ठेववत नसेल तर मुलाच्या मांड्या भाजतील. पत्र्याइतकंच प्लास्टिक आणि खालची रबरी मॅटही तापते, हे बरेच जण विसरतात. उन्हात उभ्या स्कूटरच्या सीटचंही तेच: आधी ओला कपडा फिरवा, मग मुलाला बसवा.

घाम दिसत नाही, म्हणून पाणी विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मुंबईत मूल दहा मिनिटांत घामाने चिंब होतं, आई-बापाला लगेच कळतं. विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता बऱ्याचदा २०-२५ टक्क्यांवर येते, त्यामुळे घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. कपडे कोरडे, मूल हुंदडतंय, आणि अंगातलं पाणी मात्र कमी होत चाललंय. खेळाच्या नादात मूल स्वतःहून पाणी मागत नाही. म्हणून तहानेची वाट न बघता घड्याळ बघा. चार वर्षांपुढच्या मुलाला दर १५-२० मिनिटांनी अर्धा कप पाणी द्या. दोन-अडीच तासांसाठी प्रत्येक मुलामागे एक लिटर पाणी हवं आणि दुपट्टा भिजवायला वेगळी बाटली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा. पाणी पुरतंय की नाही हे लघवी सांगते: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल किंवा सहा तासांत झालीच नसेल तर बाहेर नेऊ नका.

ओआरएस हे रोजचं सरबत नाही. जुलाब, उलट्या झाल्या किंवा उन्हाने मूल मलूल झालं तर ते द्यायचं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच कालवा. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की मिठाचं प्रमाण चुकतं आणि त्याने अपाय होऊ शकतो. एरवी घरचं कैरीचं पन्हं किंवा मीठ घातलेलं पातळ ताक उत्तम. गाडीवरचा बर्फगोळा मात्र टाळा, तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे ते कळायला मार्ग नसतो.

स्कूटरवर पुढे उभं करणं

वारा लागतो म्हणून मुलाला बरं वाटेल, हा समज चुकीचा आहे. आपली त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून बरीच गरम असली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आत घालतो. दुपारी निघणं अटळच असेल तर मुलाला मागे बसवा आणि सुती दुपट्टा भिजवून, पिळून डोकं-कान झाकतील असा बांधा. नाक-तोंड मोकळं राहू द्या. बाबागाडीवर जाड कापड टाकून चहूबाजूंनी बंद करू नका, आतली हवा कोंडून तापते. बंद कारमध्ये तर मुलाला दोन मिनिटंही एकटं ठेवायचं नाही. काच चार बोटं उघडी ठेवल्याने काही फरक पडत नाही.

घोळणा फुटल्यावर डोकं मागे करणं

कोरड्या हवेत नाकातलं अस्तर तडकतं आणि रक्त येतं. डोकं मागे केलं की रक्त घशात उतरतं आणि मूल ओकतं. बसवा, मान किंचित पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग दहा मिनिटं दाबा. मधे सोडून बघू नका. दोनदा असं करूनही थांबलं नाही तर डॉक्टर गाठा.

रामटेकला अनवाणी पायऱ्या

गडावर दगड सकाळी नऊलाच तापायला लागतो. मुलांसाठी जाड सुती मोजे न्या, मंदिरात चपला काढल्यावर ते घाला. आणि खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं थेट हिसकावतात. धावपळीत मूल पायऱ्यांवरून पडतं.

ऊन लागल्यावर पॅरासिटामॉल देणं

डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड, गळून जाणं दिसलं की लगेच सावलीत आणा, कपडे सैल करा, घोटघोट ओआरएस द्या. पण मूल बरळायला लागलं, झटके आले, हाक मारून ओ देईना किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. तापाचं औषध इथे उपयोगी पडत नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: कपडे उतरवा, अंगभर साधं पाणी ओता, जोरात वारा घाला, मान, काख आणि जांघेत ओले कपडे ठेवा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.