उपग्रहाच्या चित्रावरून वळीव ओळखताय? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा काढून शेतात पडलेला असतो आणि दुपारनंतर आभाळ दाटून येतं. अशा वेळी हवामान विभागाच्या संकेतस्थळावरचं इन्सॅट या आपल्या उपग्रहाचं चित्र खूप कामाला येतं, फक्त ते नीट वाचता आलं पाहिजे.

सर्वात जास्त फसगत होते ती ‘पांढरं दिसलं म्हणजे पाऊस’ या समजुतीने. इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या किरणांवरून घेतलेलं चित्र पाऊस दाखवतच नाही, ते ढगाच्या माथ्याचं तापमान दाखवतं. माथा जितका उंच, तितका थंड आणि तितका पांढरा. वळवाचा ढग १२-१५ किलोमीटर वर चढला की त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो आणि वरचे पश्चिमी वारे ती चादर पूर्वेकडे ओढत नेतात. चित्रात अख्खा जिल्हा पांढरा, पण पाऊस मात्र एका कोपऱ्यात! तो कोपरा सापडतो कडांवरून. पूर्वेची कड पिंजलेल्या कापसासारखी विरत गेलेली असते, तर पश्चिमेची बहुधा कातरल्यासारखी ठळक. गारा आणि जोराचा पाऊस त्या ठळक कडेजवळ. बाकीच्या पांढऱ्याखाली नुसतं मळभ असू शकतं.

जुलैत कोकणात आणि घाटमाथ्यावर नेमकं उलटं होतं. तिथे बुटके ढगही धो धो ओततात आणि इन्फ्रारेड चित्रात ते करडेच दिसतात. करडं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

वेळही तपासा. चित्रावर ‘०९:०० यूटीसी’ (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) असेल तर ती सकाळ नाही, आपली दुपारची अडीचची वेळ आहे. साडेपाच तास मिळवायचे. व्हिजिबल, म्हणजे सूर्यप्रकाशात घेतलेलं चित्र संध्याकाळी काळं पडतं ते सूर्य मावळल्यामुळे, आभाळ मोकळं झाल्यामुळे नव्हे. दिवसा मात्र तेच चित्र मला जास्त आवडतं: फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे उठाव आणि दुपार कलल्यावर त्यांच्या पूर्वेला पडलेल्या सावल्या दिसल्या, की ढग उभा वाढतोय हे कळतं.

एकाच चित्रावर कधी विसंबू नका. मागची चार-पाच चित्रं ओळीने लावून ठिपका वाढतोय की विरतोय ते बघा. वळीव तासाभरात उभा राहतो आणि चित्र हाती येईपर्यंत थोडं शिळं झालेलं असतं. म्हणून पुढच्या अर्ध्या तासासाठी रडार बघा आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेलं ‘दामिनी’ ॲप. गडगडाट ऐकू आला तर कांदा झाकायचाही राहू द्या, आधी पक्क्या छताखाली जा.